उंदराच्या रक्तातला मलेरिया: प्रतिकारशक्ती नेमकी लढते कशी?

मलेरियाच्या पहिल्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये केली, दुसरीची ऑक्टोबर २०२३ मध्ये. आर-२१ नावाची ही दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठात घडली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत लहान मुलांना या लशी आता नेहमीच्या लसीकरणातच मिळू लागल्या आहेत. बातमी वाचून आनंद होतो, पण पाठोपाठ दोन प्रश्नही येतात. मलेरियाचा जंतू माणसाच्या रक्तात १८८० सालीच दिसला होता, मग लशीला एकशे चाळीस वर्षं का लागली? आणि इतकी वाट पाहायला लावून आलेली लस पहिल्या वर्षात निम्म्याहून थोडे जास्तच आजार टाळते, ते का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे. रक्तात मुक्काम ठोकणाऱ्या जंतूशी शरीर कसं लढतं, आणि ही लढाई इतर आजारांपेक्षा इतकी अवघड का, हे आधी समजून घ्यावं लागतं. त्यातलं बरंचसं आपल्याला शिकवलं आहे ते प्रयोगशाळेतल्या उंदरांनी. २०२३ या एका वर्षात मलेरियानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यात सर्वाधिक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणून उंदराच्या रक्तात काय घडतं हा प्रश्न मला कधीच किरकोळ वाटलेला नाही.

खिडक्या नसलेलं घर

दुसऱ्या सजीवाच्या शरीरात राहून, त्याच्याच जिवावर वाढणाऱ्या जीवाला परजीवी म्हणतात. मलेरियाचा परजीवी, म्हणजे प्लाझ्मोडियम, एकपेशीय आहे, पण साधा नाही. कोविडचा विषाणू जेमतेम तीसेक प्रथिनांवर आपला कारभार चालवतो. माणसाला सर्वांत घातक मलेरिया देणाऱ्या प्लाझ्मोडियम फाल्सिपेरममध्ये सुमारे ५,३०० जनुकं आहेत. शरीराला एका चोराशी नव्हे, वेश बदलणाऱ्या अख्ख्या टोळीशी गाठ घालावी लागते.

डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून परजीवीची सुईसारखी बारीक रूपं कातडीत उतरतात. त्यांना स्पोरोझॉइट म्हणतात. ती रक्तात शिरून थेट यकृत गाठतात. माणसात साधारण आठवडाभर आणि उंदरात दोनच दिवस ती यकृताच्या पेशींमध्ये गुपचूप वाढतात. एकाची हजारो होतात, मग ती रक्तात सांडतात आणि तांबड्या पेशींमध्ये घुसतात. इथून पुढे आजार सुरू होतो. तोवर माणसाला आपल्या आत काही चाललं आहे याचा पत्ताही नसतो.

तांबडी पेशीच का? शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला एक सवय असते. ती आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या अंगाला टांगून ठेवते, घराच्या खिडकीतून आतलं दिसावं तसे. गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या खिडक्यांमधून डोकावतात आणि आत परकं काही दिसलं तर त्या पेशीचा नाश करतात. या गस्तीवाल्यांना मारक टी पेशी म्हणतात. विषाणूंविरुद्ध हे हत्यार फार उपयोगी पडतं. पण पक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. ती म्हणजे प्राणवायू वाहणारी पिशवी आणि तिला अशा खिडक्या नसतात. त्यामुळे आत परजीवी बसलेला असला तरी मारक टी पेशी शेजारून निघून जातात.

अंगभर पसरलेली, कोट्यवधींच्या संख्येतली आणि पहाऱ्याच्या नजरेआडची अशी ही जागा आहे. लपण्यासाठी याहून सोयीचं ठिकाण शरीरात क्वचितच सापडेल.

उंदीर यात आला कुठून?

मलेरियाच्या संशोधनात प्राणी पहिल्यापासून आहेत. डासातून मलेरिया पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पूर्णपणे सिद्ध केलं ते पक्ष्यांच्या मलेरियावर. पुढे कोंबड्या, बदकं आणि माकडं यांच्यावर बरीच वर्षं काम झालं. पण पक्ष्याचं शरीर आपल्यापासून फार दूरचं, आणि माकडांवर मोठ्या संख्येनं प्रयोग करणं ना शक्य ना योग्य.

१९४८ साली बेल्जियन काँगोच्या कटांगा भागात विन्के आणि लिप्स या दोन संशोधकांना तिथल्या रानउंदरांत मलेरियाचा परजीवी सापडला. त्याला प्लाझ्मोडियम बर्घेई असं नाव मिळालं. तो प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरातही वाढतो हे लक्षात आलं आणि अभ्यासाची दिशाच पालटली. पुढे शाबोदी, योएली, विन्केई असे त्याचे भाऊबंदही आफ्रिकेतल्या रानउंदरांतच मिळाले. हे परजीवी माणसाला होत नाहीत, पण यकृतातून रक्तात जाण्याचा त्यांचा क्रम माणसातल्या परजीवींसारखाच असतो.

उंदराचा खरा फायदा मात्र वेगळा आहे. पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यात वंश चालवून तयार केलेले प्रयोगशाळेतले उंदीर जुळ्या भावंडांइतके सारखे असतात. दोन माणसांपैकी एक बरा झाला आणि दुसरा दगावला, तर त्याची शंभर कारणं निघतात: अन्न, वय, आधीचे आजार, अनुवंश. दोन सारख्या उंदरांत एकच गोष्ट वेगळी ठेवली आणि निकाल बदलला, तर कारण हातात सापडतं. आता तर एखादं जनुक मुळातूनच काढून टाकलेले उंदीरही तयार करता येतात. यंत्राचा एकेक भाग काढून ते कुठे अडतं ते बघावं, तसा हा प्रकार आहे.

काचपट्टीवरचे दिवस

आता एकच लढाई जवळून पाहू. परजीवी आहे शाबोदी. उंदीर आहेत 'ब्लॅक सिक्स' या काळ्या, काटक वाणाचे. प्रत्येकाला साधारण एक लाख लागण झालेल्या तांबड्या पेशी टोचल्या आहेत.

रोज सकाळी उंदराच्या शेपटीच्या टोकाला बारीकसं टोचून रक्ताचा एक थेंब घेतात. तो थेंब काचपट्टीच्या एका कडेला ठेवायचा, दुसरी पट्टी तिरकी धरून त्याला टेकवायची आणि एका दमात पुढे ओढायची. हात अडखळला की पट्टी वाया गेली. रक्ताचा पातळ पडदा वाळला की तो मिथेनॉलमध्ये बुडवून गिम्सा नावाच्या रंगात ठेवायचा. मग तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत मोठ्या भिंगाखाली पाहायचं. करड्या गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत एखाद्या पेशीच्या पोटात निळसर अंगठी दिसते आणि त्या अंगठीवर जांभळट लाल खडा. तो परजीवी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती इतकी रेखीव वाटली, की ही आजाराची खूण आहे हेच क्षणभर विसरायला झालं. मग मोजणी. हजार पेशींत किती अंगठ्या, याची.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हजारात एखाददुसरीच सापडते. या परजीवीचं चक्र चोवीस तासांचं असतं: आत शिरायचं, वाढायचं, अनेक व्हायचं, पेशी फोडायची आणि नव्या पेशी धरायच्या. त्यामुळे संख्या दिवसागणिक पटींनी चढते. आठव्या-नवव्या दिवशी तर तीनातली एक पेशी लागण झालेली दिसू शकते. उंदीर पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसतो, अंगावरचे केस विस्कटतात, वजन उतरतं. माणसाला मलेरियात हुडहुडी भरून ताप चढतो, उंदराचं मात्र उलट अंग गार पडत जातं. त्याच्या पायांचे तळवे रक्ताअभावी पांढरट दिसू लागतात.

आणि मग दोन-तीन दिवसांत चित्र पालटतं. दहाव्या-अकराव्या दिवसापासून अंगठ्या झपाट्यानं कमी होतात. दोन आठवड्यांच्या आसपास पट्टीवर एकही सापडत नाही.

आत काय घडलं? पहिल्या काही तासांतच भक्षक पेशींनी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, परजीवी ओळखून निरोप धाडायला सुरुवात केली होती. हे निरोप म्हणजे रसायनं असतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातलं महत्त्वाचं नाव इंटरफेरॉन गॅमा. त्याचा अर्थ साधारण 'सगळ्यांनी कंबर कसा' असा. तो मिळताच भक्षक पेशी अधिक आक्रमक होतात. मदतनीस टी पेशी त्यांच्या जोडीला येतात. त्या स्वतः मारत नाहीत, इतरांना कामाला लावतात.

सगळ्या धामधुमीचं केंद्र असते प्लीहा, जिला पाणथरीही म्हणतात. पोटात डावीकडे असलेली ही लहानशी गाळणी म्हाताऱ्या, कडक झालेल्या तांबड्या पेशी अडवून मोडीत काढते. परजीवी आत शिरलेली पेशीही कडक होते, म्हणून तीही इथे अडकते. मलेरिया झालेल्या उंदराची प्लीहा फुगून नेहमीच्या कित्येक पट मोठी होते. पूर्वी एखाद्या वस्तीत मलेरिया किती आहे याचा अंदाज डॉक्टर मुलांची पोटं चाचपून, वाढलेल्या पाणथऱ्या मोजून घेत, तेही याच कारणानं.

प्रतिपिंडं येतात सगळ्यांच्या मागून. बी पेशी ही प्रथिनं तयार करतात आणि ती ठरावीक परक्या आकाराला जाऊन चिकटतात. परजीवी एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत शिरतो तेवढीच त्यांना संधी असते, आणि ती जेमतेम एक-दोन मिनिटांची. बी पेशीच नसलेल्या उंदरांना शाबोदीची लागण केली तेव्हा मोठी लाट त्यांनी बऱ्यापैकी ओसरवली. पण परजीवीचा निःपात काही करता आला नाही, तो रक्तात रेंगाळतच राहिला. पहिला जोर मोडायचं काम टी पेशी आणि भक्षक पेशींचं, शेवटचा केर काढायचं काम प्रतिपिंडांचं, ही वाटणी अशा प्रयोगांतून उलगडली.

ज्याला ब्रेक नाही ती गाडी

'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सल्ला आपण सतत ऐकतो. रक्तातल्या परजीवीच्या बाबतीत तो अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे धोक्याचाही आहे. उंदरांनी शिकवलेली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथेच आहे.

ए-जे नावाचा उंदरांचा आणखी एक वाण आहे. शाबोदीच्या ज्या मात्रेतून ब्लॅक सिक्स उंदीर वाचतात, त्याच मात्रेनं ए-जे उंदीर बहुतेक मरतात. कारण शोधलं तेव्हा कळलं, की ब्लॅक सिक्समध्ये पहिल्या काही दिवसांतच इंटरफेरॉन गॅमाचा जोरदार निरोप सुटतो, ए-जेमध्ये तो कमजोर पडतो. इथवर वाचून कुणालाही वाटेल की जोर जास्त ते चांगलं.

पण मग त्याच ब्लॅक सिक्स उंदरांना बर्घेईचा 'अँका' हा प्रकार टोचून पाहा. सहा ते दहा दिवसांत त्यांना झटके येतात, अंग लुळं पडतं आणि ते मरतात. तेव्हा रक्तात परजीवी शाबोदीच्या शिखराइतके नसतातही. मारणारा हात वेगळाच असतो: मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांपाशी गोळा झालेल्या स्वतःच्याच मारक टी पेशी. या पेशी आधीच काढून टाकल्या तर उंदरांना मेंदूचा आजार होत नाही. एका आजारात जो वाण तरला, तोच दुसऱ्यात आपल्याच सैन्याच्या हातून मेला.

शरीराला हे ठाऊक आहे, म्हणून त्यानं ब्रेकही दिले आहेत. इंटरल्युकिन-१० हा त्यातला मुख्य, 'आता आवरा' असं सांगणारा निरोप. त्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना शाबोदीची लागण केली, तर त्यांचं वजन जास्त उतरतं, अंग जास्त गार पडतं आणि मरणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं. परजीवीशी लढण्यात ते कमी पडलेले नसतात. त्यांना थांबता येत नाही, एवढंच.

२००७ मध्ये शाबोदीवरच्याच एका अभ्यासानं आणखी एक बाजू दाखवली. उंदरांचे काही वाण परजीवींची संख्या कमी ठेवण्यात तरबेज होते. दुसरे काही वाण तितकं मारत नव्हते, पण अंगात परजीवी असूनही फारसे खचत नव्हते. पहिला झाला प्रतिकार, दुसरी सहनशीलता. आणि जो वाण एकात पुढे, तो साधारणपणे दुसऱ्यात मागे पडत होता. घरात पाणी शिरलं की कुणी ते उपसत बसतं, कुणी सामान उंचावर ठेवतं. दोन्ही मार्ग घर वाचवण्याचेच. 'कोणाची इम्युनिटी चांगली?' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर का देता येत नाही, हे यातून कळावं.

वेश बदलणारे

रक्तात राहणारा मलेरिया हा एकच परजीवी नाही. ट्रिपॅनोसोमा हा दुसरा, आणि लपाछपीत तो याहून पटाईत. तो पेशीत शिरतच नाही, रक्ताच्या पातळ भागात उघड्यावर पोहत राहतो. आफ्रिकेतला निद्रारोग त्याच्यामुळे होतो. तसा तो एका झटक्यात सापडायला हवा, पण सापडूनही सुटतो, कारण त्याचा कोट. एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू खेटून बसवलेलं हे आवरण असतं. शरीर त्या कोटाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि परजीवी पटापट मरतात. पण तोवर त्यांच्यातल्या काहींनी कोट बदललेला असतो. त्याच्याकडे अशा कोटांचे नमुने, अर्धेमुर्धे धरून, हजाराहून जास्त जनुकांत साठवलेले असतात. नवा कोट घातलेले परजीवी वाढतात, पुन्हा प्रतिपिंडं, पुन्हा नवा कोट. उंदराच्या रक्तातल्या परजीवींचा आलेख काढला तर तो लाटांसारखा दिसतो.

ट्रिपॅनोसोमाच्याच कुळातला एक परजीवी गुरं, घोडे आणि उंट यांना 'सर्रा' नावाचा आजार देतो. माणसाला तो सहसा बाधत नाही, कारण आपल्या रक्तात त्याला मारणारं एक प्रथिन असतं. उंदरात ते नसतं, म्हणून उंदीर त्याला बळी पडतो. २००४ साली महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा सर्राचा परजीवी सापडला तेव्हा जगभरचे अभ्यासक चक्रावले. दोन वर्षांनी कोडं सुटलं: त्या माणसाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता आणि ते संरक्षक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच. उपचारांनी तो बरा झाला. एका प्रथिनावर माणूस आणि जनावर यांच्यातली केवढी मोठी भिंत उभी असते, ते त्या एका रुग्णानं दाखवलं.

मलेरियाकडेही असे वेश आहेत. फाल्सिपेरम तांबड्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर एक चिकट प्रथिन काढतो, म्हणजे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेच्या गाळणीत जात नाही. या प्रथिनाचे सुमारे ६० नमुने त्याच्या जनुकांत असतात आणि तो एका वेळी सहसा एकच वापरतो.

मग एकदा मलेरिया झाला की पुन्हा का होतो?

कारण शरीरानं ओळखला तो एक वेश, पुढच्या वेळी वेगळा येतो. मोठ्या माणसांना मात्र काही संरक्षण मिळतं. जिथे मलेरिया कायमचा आहे तिथे मुलं आजारी पडतात आणि मोठी माणसं बरीचशी धडधाकट असतात, हे रॉबर्ट कॉख यांनी १९०० च्या सुमारास न्यू गिनीत पाहिलं होतं. १९६१ मध्ये गाम्बियात धडधाकट प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं आजारी मुलांना दिली, तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्यानं कमी झाले. म्हणजे संरक्षण प्रतिपिंडांत असतं, पण ते जमवायला वर्षानुवर्षांच्या लागणी लागतात. आणि ती वर्षं ज्या मुलांना मिळत नाहीत, त्यांचीच ही सारी काळजी आहे.

मघाशी शाबोदीच्या उंदराची गोष्ट मी अर्धीच सांगितली. पट्टीवर अंगठ्या दिसेनाशा झाल्या तरी परजीवी संपलेला नसतो. काही दिवसांनी तो छोटीशी दुसरी लाट घेऊन डोकं वर काढतो. नंतरही दोन-तीन महिने इतका थोडा उरतो, की सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. अशा उंदराला पुन्हा लागण केली तर आजार हलकाच होतो. पूर्ण सुटका नाही आणि पूर्ण हारही नाही, असा हा समेट.

लशीची गोष्ट १९६७ पासून

न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या रूथ नुसेन्झ्वाइग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बर्घेईचे स्पोरोझॉइट क्ष-किरणांनी अधू केले. ते यकृतापर्यंत पोचत, पण पुढे वाढून रक्तात येऊ शकत नव्हते. हे अधू परजीवी उंदरांना टोचले आणि काही काळानं धडधाकट स्पोरोझॉइट टोचले. बहुतेक उंदरांना मलेरिया झालाच नाही. पण त्याच उंदरांना लागण झालेलं रक्त टोचलं, तर ते आजारी पडत. म्हणजे हे संरक्षण फक्त रक्ताआधीच्या टप्प्यावरचं होतं. तिथून एकही परजीवी निसटला, तर रक्तात त्याला मोकळं रान.

१९८७-८८ मध्ये उंदरांवरच कळलं, की या संरक्षणात मारक टी पेशींचा मोठा वाटा आहे. यकृताच्या पेशींना खिडक्या असतात, त्यामुळे तिथे त्यांना आत डोकावता येतं. माणसांतही अधू स्पोरोझॉइटनी संरक्षण मिळतं हे सत्तरच्या दशकात दिसलं होतं, पण त्यासाठी हजाराहून अधिक डासांचे चावे लागायचे. प्रत्येक मुलाला असे चावे कोण देणार? म्हणून स्पोरोझॉइटच्या अंगावरच्या मुख्य प्रथिनाचा तुकडा काढून लस बनवायचं ठरलं. आज वापरात असलेल्या दोन्ही लशी त्याच तुकड्यावर उभ्या आहेत. त्या मुख्यतः प्रतिपिंडांच्या जोरावर चालतात, आणि त्या प्रतिपिंडांची पातळी काही महिन्यांत उतरू लागते. पहिल्या वर्षानंतर संरक्षण विरळ होण्याचं आणि चौथा डोस लागण्याचं हे एक मोठं कारण. रक्तातल्या टप्प्यावरची लस अजून वापरात आलेली नाही. का, ते वर आलंच: खिडक्या नाहीत आणि वेश अनेक.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे

हा आक्षेप खरा आहे आणि तो हलक्यात घेऊ नये. उंदरांतल्या मेंदूच्या मलेरियात टीएनएफ नावाचा निरोप रोखला की उंदीर वाचत, हे १९८७ मध्ये दिसलं. तोच उपाय गाम्बियातल्या मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलांवर करून पाहिला आणि १९९६ मध्ये निकाल आला. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट वाचलेल्या मुलांत मेंदूचे दोष मागे राहण्याचं प्रमाण जास्त दिसलं. या निकालापुढे कुणालाही थांबावं लागेल. उंदराच्या मेंदूत टी पेशींचा हात ठळक असतो, मुलांच्या मेंदूत रक्तवाहिन्या तुंबवणाऱ्या चिकट तांबड्या पेशींचा. तरी गोष्ट तिथेच संपली नाही. मलेरियानं दगावलेल्या मुलांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांपाशी मारक टी पेशी सापडल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. उंदीर पूर्ण खोटं सांगत नव्हता, पूर्ण खरंही नाही.

कधीकधी चूक उंदराची नसते, प्रयोगाची असते. कित्येक वर्षं शाबोदीचं रक्त एका उंदरातून दुसऱ्यात सुईनं टोचत नेलं जायचं. २०१३ मध्ये दाखवलं गेलं, की हाच परजीवी डासातून गेला तर उंदराचा आजार बराच सौम्य होतो, कारण डासाच्या शरीरातून जाताना परजीवीच्या जनुकांचा वापरच बदलतो आणि प्रतिकारयंत्रणेचं उत्तरही. सुईच्या सोयीपायी आपण वेगळाच, जास्त उग्र आजार अभ्यासत होतो. तसंच उंदरांच्या स्वच्छतेचं. जंतुमुक्त पिंजऱ्यात वाढलेल्या प्रौढ उंदराची प्रतिकारयंत्रणा नवजात बाळासारखी असते, त्याला साध्या जंतूंशीही कधी सामना करावा लागलेला नसतो. २०१६ मध्ये अशा उंदरांना बाहेरच्या उंदरांसोबत ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या पेशींचं चित्र प्रौढ माणसाच्या बरंच जवळ आलं.

माझ्या मते उंदराकडे उत्तर मागू नये, प्रश्न कुठे विचारायचा ते त्याला विचारावं. रक्ताआधीच्या टप्प्यावर हल्ला करा, ही दिशा त्यानंच दाखवली आणि ती खरी ठरली. औषधाचा निकाल मात्र माणसातच लागतो.

आणि त्या जिवांचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधीच अडाणी म्हणणार नाही. मलेरियाचा उंदीर त्रासात असतो, हे काचपट्टी पाहण्याआधीच पिंजऱ्यात दिसतं.

१९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तीन सूत्रं आज जवळजवळ सगळीकडे मानली जातात: जमेल तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, वापरावाच लागला तर कमीत कमी संख्येत, आणि त्यांचा त्रास शक्य तितका कमी करा. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते. पर्यायही वाढत आहेत. फाल्सिपेरम १९७६ पासून मानवी रक्तात, काचेच्या भांड्यात अखंड वाढवता येतो, त्यामुळे औषधांची पहिली चाळणी प्राण्याविना होते. माणसांवरही, स्वखुशीनं पुढे आलेल्या निरोगी प्रौढांना नियंत्रित लागण करून आणि वेळेत औषध देऊन लशी तपासल्या जातात. पण प्लीहेत काय चाललं आहे ते स्वयंसेवकाच्या शरीरात बघता येत नाही आणि प्लीहा काचेच्या भांड्यात उभी करता येत नाही. तेवढ्यापुरता उंदीर अजून लागतो.

त्याचा त्रास कमी करण्याची एक साधी रीत या आजारातूनच मिळाली. उंदराचं अंग गार पडू लागलं की पुढे काय होणार हे बऱ्याचदा आधीच कळतं. म्हणून आता काचपट्टीच्या नोंदीशेजारी रोजचं तापमान आणि वजनही लिहिलं जातं. आधी ठरवलेल्या आकड्याखाली ते गेलं की त्या उंदराचा प्रयोग तिथेच थांबवून त्याला वेदनारहित मरण देतात, मग आलेखातला पुढचा बिंदू कितीही मोलाचा असो.